तिच्या वतीने उत्तर देणं थांबवा

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजीला. मार्क ८०च्या पुढे असतात, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही. गणपतीत सोसायटीच्या चित्रकला स्पर्धेचं सगळं हिनेच पाहिलं. नावं घेतली, गट पाडले, पाऊस आला तर ऐनवेळी सगळी मुलं पार्किंगमध्ये बसवली. पण बक्षीस समारंभात ‘माइकवर दोन शब्द बोल’ म्हटलं तर रडवेली होऊन घरी निघून आली. तिने सैन्याधिकारी घडवणाऱ्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जावं अशी तिच्या बाबांची फार इच्छा आहे. ते म्हणतात, ‘ही अशी भित्री, हिच्यात लीडरशिप कुठून येणार?’ मे महिन्यात व्यक्तिमत्त्व विकासाचं १० दिवसांचं शिबिर आहे, फी १६ हजार. घालावं का? आणि घरी आम्ही काय करावं? मी स्वतः पतसंस्थेत नोकरी करते, वेळ कमी मिळतो.
– एक आई, धायरी

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे. पाऊस आल्यावर तिने मुलं पार्किंगमध्ये बसवली. जरा डोळ्यांसमोर आणा. पार्किंग म्हणजे आधी गाड्या हलवायला हव्यात. त्यासाठी कोणाकोणाची बेल वाजवून ‘काका, गाडी जरा बाहेर घेता का’ म्हणायला हवं. सतरंज्या खाली आणायच्या, कागद भिजू द्यायचे नाहीत, पहिलीतली पोरं एकीकडे आणि सातवीतली दुसरीकडे बसवायची, वाया गेलेल्या वेळेचं काय करायचं तेही ठरवायचं. हे एकटीने होणारं काम नाही, म्हणजे बरंचसं तिने इतरांकडून करून घेतलं असणार. नववीतल्या मुलीने ऐनवेळी बेत बदलला, लोकांना कामाला लावलं आणि स्पर्धा पार पाडली. हे नेतृत्वच आहे, ताई. घरात मात्र आठवण राहिली ती माइकची.

बरेच पालक इथेच फसतात. स्टेजवर धीटपणे बोलतो तो लीडर, वर्गात मॉनिटर असतो तो लीडर, असं आपण धरून चालतो. सभाधीटपणा हे वेगळं कौशल्य आहे, ते शिकता येतं आणि त्याकडे मी पुढे येतेच. पण चार माणसांचं काम शेवटाला नेणं ही त्याहून दुर्मीळ गोष्ट आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात डोकावलं तर हे फार स्पष्ट दिसतं. दिलेल्या वेळात सेट लावायचा, एकांकिका करायची, हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो मुलगा किंवा मुलगी पुष्कळदा प्रेक्षकांसमोर येतसुद्धा नाही. ढोल-ताशा पथकातही तसंच. गर्दीत ताल सांभाळणारे, नवीन मुलांना रांगेत उभं करणारे, ढोलाचं पान फाटलं तर धावणारे वेगळे असतात आणि पथक त्यांच्यावर उभं असतं.

आता आत्मविश्वासाबद्दल. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. त्याने चार उगम सांगितले. स्वतः एखादं काम करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणीतरी ते केलेलं पाहणं, दुसऱ्यांनी ‘तुला जमेल’ असं पटवणं, आणि त्या वेळची आपल्या शरीर-मनाची अवस्था. यांत सगळ्यात भक्कम पहिला. तुमच्या दहा दिवसांच्या शिबिरात प्रामुख्याने तिसरा मिळेल. टाळ्या वाजतील, ‘यू कॅन डू इट’ होईल, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि फोटो. त्याचा उत्साह शाळा सुरू झाल्यावर फार दिवस टिकताना मी पाहिलेला नाही. तिला स्वतःला मैत्रिणींबरोबर एखाद्या ट्रेकिंगच्या शिबिराला जायचं असेल तर खुशाल पाठवा, पण ते तिच्या आनंदासाठी. ‘तुझ्यात कमी आहे, ती भरून काढायला चाललीस’ असं सांगून कुठेही पाठवू नका. त्या १६ हजारांत तिच्या मनावर एवढंच कोरलं जाईल की आई-बाबांना मी अपुरी वाटते.

घरी काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत रोज घडणारा एक प्रसंग सांगते. आई-वडील आणि मूल समोर बसतात. मी मुलाकडे बघून विचारते, ‘कुठला विषय आवडतो तुला?’ मूल वर बघतं, ओठ हलतात, आणि तेवढ्यात आई म्हणते, ‘तसं सायन्स आवडतं, पण मॅथ्स नको वाटतं त्याला.’ पुढचा प्रश्न, ‘मोकळ्या वेळात काय करतोस?’ वडील म्हणतात, ‘मोबाइल! दुसरं काय?’ आणि हसतात. मूल पुन्हा खाली बघतं. मग तेच वडील मला सांगतात की हा काही बोलतच नाही. यात कोणाच्याही मनात वाईट नसतं. मुलाची फजिती होऊ नये म्हणून आपण घाईने मध्ये पडतो. पण वर्षानुवर्षं आपल्या वाटचं बोलणं दुसरं कोणी बोलून टाकत असेल, तर मूल ते काम आपलं मानायचंच सोडून देतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, आणि हिला पैसाही लागत नाही, वेळही नाही. प्रश्न तिला विचारला असेल तर उत्तर तिचं. पाहुण्यांनी विचारू दे, डॉक्टरांनी विचारू दे, रिक्षावाल्याने ‘कुठं सोडू?’ विचारू दे. तुम्ही मनातल्या मनात दहा अंक मोजा. ती शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, तिला तेवढी लागते. दवाखान्यात ‘काय होतंय?’ याचं उत्तर नववीतल्या मुलीने स्वतः द्यायलाच हवं. काही राहिलं तर तुम्ही शेवटी जोडा.

आणि तिच्यासमोर ‘आमची जरा लाजाळूच आहे’, ‘भित्री आहे’ हे आजपासून बंद. तिच्या बाबांना हे माझ्या नावाने सांगा. त्यांची काळजी खरी आहे, पण नातेवाइकांसमोर लावलेलं लेबल मुलं वर्षानुवर्षं अंगावर वागवतात.

दुसरी गोष्ट, तिला घरातलं एक खरं काम द्या. खरं म्हणजे ते बिघडलं तर घराला त्याची झळ बसली पाहिजे. ‘आल्यागेल्याला पाणी दे’ हे काम झालं, जबाबदारी नव्हे. तुम्ही पतसंस्थेत आहात, तर पैशापासून सुरुवात करणं तुम्हाला सोपं जाईल. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, किती रकमेपर्यंत ते ज्या त्या बँकेने ठरवायचं असतं. तिचं खातं काढा. स्लिप तिने भरायची, काउंटरवर तिने उभं राहायचं, तुम्ही बाकावर बसायचं. मग महिन्याचा भाजीचा खर्च तिच्याकडे द्या. रक्कम ठरलेली, हिशोब तिचा. विसाव्या दिवशी पैसे संपले तर उरलेले दिवस उसळी-पिठल्यावर कसे काढायचे ते तिनेच सांगायचं, आणि तुम्ही सगळ्यांनी ते कुरकुर न करता खायचं. पहिला महिना फसेल. फसू दे. तुम्ही गुपचूप शंभराची नोट सरकवलीत की सगळं मुसळ केरात.

तसंच एकटीने जाण्याचं. नवीन इयत्तेची पुस्तकं आणायला तिला आणि एका मैत्रिणीला अप्पा बळवंत चौकात जाऊ द्या. धायरीहून स्वारगेटची बस, स्वारगेटहून मेट्रोने मंडई, पुढे चालत. कुठल्या दुकानात जुनी पुस्तकं चांगली मिळतात, एखादं पुस्तक नसेल तर कुठे विचारायचं, हे त्यांनी शोधायचं. फोन जवळ असू द्या, पण दर दहा मिनिटांनी ‘पोचलीस का?’ करू नका. पोचल्यावर एक आणि निघताना एक, एवढं आधी ठरवून घ्या. सुरक्षिततेची काळजी कोणत्याही आईला वाटते. म्हणून पहिल्या वेळी तुम्ही बरोबर जा आणि सगळं तिला करायला लावा, पुढच्या वेळी सोडा.

आता जून येईल आणि ती दहावीत जाईल. इथे मला तुम्हाला कळकळीने काही सांगायचं आहे. दहावीचं वर्ष म्हटलं की आपल्याकडे घरं गोठतात. टीव्ही बंद, लग्नाकार्याला जाणं बंद, ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो’ सुरू. ताट हातात, क्लासला दारापासून दारापर्यंत सोडणं, प्रोजेक्टच्या फायलीसुद्धा आईच्या अक्षरात. मग बारावीला आणि प्रवेश परीक्षांना हेच पुन्हा. पंधरा ते अठरा ही वयं स्वतः ठरवण्याचा आणि स्वतः निस्तरण्याचा सराव करण्याची, आणि नेमकी तीच आपण काढून घेतो. पुढे हीच मुलं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे येतात. मुलाखतीत विचारतात, ‘टीममध्ये काम करताना अडचण आली आणि तुम्ही ती सोडवली, असा एखादा प्रसंग सांगा.’ मुलांकडे प्रसंगच नसतो. तुमच्या लेकीकडे तो आत्ताच आहे. दहावीतही तिचं एक काम तिच्याकडे राहू द्या, आणि यंदाची चित्रकला स्पर्धाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्याने टक्के बुडत नाहीत.

कौतुकाविषयी थोडं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या काही मुलांचं ‘तू हुशार आहेस’ असं कौतुक केलं गेलं, काहींचं ‘तू कष्ट घेतलेस’ असं. हुशार म्हटलेली मुलं पुढे जपून, जिथे आपली हुशारी टिकेल असंच काम निवडू लागली. मधे अवघड कोडी देऊन पुन्हा सोपी दिली, तर त्यांची कामगिरी आधीपेक्षाही घसरली. कष्टाचं कौतुक झालेली मुलं मात्र सुधारली. म्हणून ‘वा, किती छान!’ एवढ्यावर थांबू नका. ‘पाऊस आल्यावर तू लहान मुलांना आधी आत घेतलंस, ते कसं सुचलं?’ असं विचारा. अजूनही उशीर झालेला नाही, आज संध्याकाळीच विचारा. तुम्ही नीट पाहिलंत हे तिला कळेल, आणि बघा, ती बराच वेळ बोलेल.

माइकचं भय पायऱ्यापायऱ्यांनी घालवता येतं. आयत्या वेळी ‘दोन शब्द बोल’ म्हणणं हे पट्टीच्या वक्त्यालाही अवघड जातं. यंदा स्पर्धेचे नियम लहान मुलांना तिनेच सांगायचे, माइकशिवाय, हातात कागद धरून. मग बक्षिसांची नावं वाचून दाखवायची, तीही कागदावरून. पुढच्या वर्षी दोन वाक्यांचे आभार. घरी आजी-आजोबांना एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवणं हाही चांगला सराव. प्रत्येक पायरीवर ती कंटाळेपर्यंत थांबा, मगच पुढची.

एक तपासून पाहा. शाळेच्या वेळी रोज पोट दुखणं, इतरांसमोर डबासुद्धा न खाणं, झोप उडणं, मैत्रिणी तोडून टाकणं, असं काही दिसत असेल तर तो नुसता बुजरेपणा नसेल. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिला एनडीएचा प्रश्न. आधी तिला विचारा, तिला जायचं आहे का. बाबांची इच्छा हे कारण त्या आयुष्यासाठी पुरत नाही. तिला हवं असेल तर दार उघडं आहे. मुलींना तिथे २०२२पासून प्रवेश मिळाला आणि पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५मध्ये तुमच्या घरापासून जवळच, खडकवासल्याला, पासआउट झाल्या. प्रवेशाच्या वेळी वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवेत. यूपीएससी घेते ती लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि पुढची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, निवडही ९०० गुणांची, ती पाच दिवस चालते. तिच्या बाबांनी या पाच दिवसांत काय होतं ते जरूर वाचावं. मैदानावरच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये कोणालाही नेता नेमलेलं नसतं. फळ्या, दोर आणि ओंडके घेऊन सगळ्या गटाने अडथळा ओलांडायचा असतो. कोण कल्पना सुचवतो, कोण दुसऱ्याची कल्पना उचलून धरतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो, हे तिथले अधिकारी पाहतात. गटचर्चेत नुसतं ओरडून भागत नाही. बोलावं लागतंच, तीन मिनिटांचं छोटं भाषणही असतं, पण त्याच्या तयारीला तिच्याकडे तीन वर्षं आहेत.

शाळेत एनसीसी असेल तर चौकशी करा. नसेल तर अकरावीला कॉलेज निवडताना ते बघा. आणि बारावीत यूपीएससीचा अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा तो ऑनलाइन अर्ज, फोटोच्या मापापासून परीक्षा केंद्राच्या निवडीपर्यंत, तिचा तिलाच भरू द्या. बाबांनी शेजारी खुर्ची घेऊन बसावं, आणि विचारलं तरच सांगावं.