काडतुसे पुन्हा भरण्याच्या हॉर्नडी लॉक-एन-लोड एपी प्रेसवर पुंगळी (काडतुसाचे रिकामे आवरण) डायच्या म्हणजे साच्याच्या मध्यावर न जाता कडेला का आपटते?

सर्वप्रथम प्रेसवरील प्रायमर (ठिणगी देणाऱ्या टोप्या) व पावडर (दारू) पूर्णपणे काढून घ्या. आपटणारी पुंगळी जोर लावून कधीही आत दाबू नका. त्यानंतर शेलप्लेट (पुंगळ्या धरून एका डायखालून दुसऱ्या डायखाली नेणारी फिरती चकती) काढून तिच्याखाली सांडलेल्या पावडरचे कण साफ करा आणि तिचा बोल्ट घट्ट बसवा, कारण सैल बोल्टामुळे प्लेट डुगडुगते. या प्रेसमध्ये प्लेट हँडल खाली ओढताना निम्मी आणि वर नेताना निम्मी फिरते, म्हणून रिकाम्या पुंगळ्या लावून हँडल अगदी सावकाश चालवावे आणि हँडलच्या कोणत्या फेरीत (खाली की वर) प्लेट ‘टक्’ करून खाचेत बसण्याआधीच थांबते अथवा खाचेच्या पुढे सरकते, हे नीट पाहावे. दोष बहुधा इथेच असतो. त्या फेरीच्या पॉलचा (प्लेट पुढे ढकलणाऱ्या खिटीचा) स्क्रू जेमतेम अष्टमांश वळणाने फिरवून पुन्हा तपासावे. दोन्ही पॉल एकाच वेळी हलवू नयेत.