वकिली म्हणजे वाट बघणं

तुम्ही विचारलंय: "इतिहासातल्या राजदूतांचं आयुष्य कसं असायचं? पगार, बढती, निवृत्ती असं काही होतं का, की नुसती दरबारातली चैन?"

चैन होती, पण बरीचशी उसनवारीची. हत्ती, पालखी, भरजरी शेला हे सगळं दिसायला हवंच, कारण धन्याची पत वकिलाच्या अंगावरच्या कपड्यांवरून जोखली जायची. ते कपडे कोणाच्या पैशाने शिवले होते, हे मात्र सावकारालाच ठाऊक.

आधी माझं सांगतो. मुंबईच्या एका कंपनीचं दिल्लीतलं लायझनिंग मी अकरा वर्षं केलं. आज फाईल कुठल्या टेबलावर आहे ते शोधायचं, साहेब जागेवर आहेत का ते शिपायाकडून काढून घ्यायचं, आणि संध्याकाळी मुंबईला फोन लावून "काम होतंय" असं सांगायचं. त्या दिवसांत एका मित्राने हिंगणे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या दिल्लीतल्या वकिलांचा पत्रसंग्रह, वाचायला दिलं. अडीचशे वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेला एक नाशिककर पुण्याला पत्रं लिहितोय, आणि मला वाटतंय की ही आपलीच डायरी आहे.

एक खुलासा करून ठेवतो. त्या काळी 'वकील' म्हणजे राजाचा किंवा सरदाराचा दुसऱ्या दरबारातला माणूस. कोर्टातला काळा कोट नंतरचा.

हिंगणे हे मूळचे नाशिकचे तीर्थोपाध्याय. महादेवभट हिंगणे हे पेशवे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले, त्याच मोहिमेत 1719 साली चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि येसूबाई तीस वर्षांच्या कैदेतून सुटल्या. बाकीचे परत आले, महादेवभट तिथेच राहिले. पुढे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव या मुलांनी तेच काम केलं. परीक्षा, मुलाखत, बदली असलं काही नाही. बापाच्या ओळखी मुलाला मिळायच्या, आणि या धंद्यात ओळखी हेच भांडवल. वेतन म्हणून गावं आणि जहागिरी मिळायच्या. नाशिकजवळचं चांदोरी हे हिंगण्यांचं गाव. शिवाय पैशांचे व्यवहार यांच्याच हातून व्हायचे, तेव्हा हुंड्यांच्या (पैसे पाठवायच्या चिठ्ठ्यांच्या) येण्याजाण्यात काही हाताला चिकटत असणार. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याला पगार वेळेवर मिळत नाही त्याने हात कोरडे ठेवावेत, ही अपेक्षा पुण्यात बसून करणं सोपं आहे.

त्यांचं रोजचं काम म्हणजे बातम्या. वजीर कोणावर रागावला, पातशहाची तब्येत कशी आहे, अब्दाली लाहोरला आलाय की अजून अटकेपलीकडे आहे, कोणत्या अमिराची फौज पगारासाठी धरणं धरून बसलीय. हे सगळं लिहायचं आणि जासुदाच्या, म्हणजे पत्र नेणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं. पत्र पुण्यात पोचेपर्यंत निम्मी बातमी शिळी झालेली, आणि उत्तर येईपर्यंत वजीरच बदललेला! त्यामुळे मधल्या काळात वकिलाने काय बोलायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं. जमलं तर पुण्याचं शहाणपण, फसलं तर "तुम्हांस कोणी सांगितले होते?"

या घराण्याच्या पाठी वर्षानुवर्षं लागलेलं एक काम होतं, काशी आणि प्रयाग मराठ्यांच्या ताब्यात मिळवण्याचं. पेशव्यांना ही क्षेत्रं हवी होती, आणि ताकीदपत्रं येतच राहिली. दिल्लीत कोणी नाही म्हणत नव्हतं आणि देतही नव्हतं. ते काम शेवटपर्यंत झालं नाही. माझ्याकडे एका परवानगीचं असंच चार वर्षं चाललं होतं, त्यामुळे या माणसांबद्दल मला जरा जास्तच माया आहे.

त्यात घरचा शत्रू वेगळाच. दिल्लीत पेशव्यांचा एक फौजबंद सरदार होता, अंताजी माणकेश्वर. तो पुण्याला लिहायचा की हिंगणे पैसे खातात, आणि हिंगणे लिहायचे की अंताजी खातो. दोघांचीही पत्रं वाचली तर दोघंही खरं बोलत असावेत असं मला वाटतं. पण विचार करा, शत्रूच्या राजधानीत आपली दोन माणसं एकमेकांचे पाय ओढताहेत, आणि ते सगळ्या दिल्लीला दिसतंय.

तुम्ही बढतीचं विचारलंत. ती होती, पण समोरच्या बाजूला. ईस्ट इंडिया कंपनीने पुण्यात ठेवलेले रेसिडेंट, म्हणजे कंपनीचे वकील, बघा. चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुण्यात आला, मुळा-मुठेच्या संगमावर बंगला बांधून राहिला, 1790 मध्ये टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला, आणि पुढच्याच वर्षी बॅरोनेट झाला, म्हणजे वंशपरंपरेचा 'सर' किताब मिळाला. पगार कंपनीचा. वेळ इतका की चित्रकार पदरी बाळगले, गंगाराम तांबटाकडून लेण्यांची चित्रं काढून घेतली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची तर शिडीच बघा: आधी पुण्यात मदतनीस, 1804 पासून नागपूरला रेसिडेंट, मग काबूलच्या शहाकडे वकिलात, 1811 पासून पुण्यात रेसिडेंट, आणि 1819 मध्ये मुंबईचा गव्हर्नर. मध्ये 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा बंगला जळाला, त्यात त्याचा आवडता ग्रंथसंग्रह गेला. तेवढंच काय ते नुकसान. आपल्याकडचा वकील वकीलच राहायचा, फार तर त्याचा मुलगा वकील व्हायचा.

जिवाची हमी? दूताला मारू नये हा संकेत रामायणापासूनचा. पण बिभीषणाने तो रावणाला सांगितल्यावर काय झालं ते आठवा. मारलं नाही, शेपटीला आग लावली. वकिलाची शेपटी म्हणजे त्याचा मान. निजामाच्या दरबारात पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे थकलेल्या चौथाईचा हिशोब मागत होते, तेव्हा निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क म्हणाला की नाना फडणवीसांनी स्वतः इथे यावं आणि समजावून द्यावं. असं भर दरबारात ऐकून घ्यायचं, चेहरा हलू द्यायचा नाही, आणि बिऱ्हाडी येऊन शब्दन् शब्द पुण्याला कळवायचा. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला निजाम हरला, तेव्हा तहात मराठ्यांनी हा दिवाणच मागून घेतला आणि पुण्यात कैदेत ठेवला. अपमान व्याजासकट वसूल झाल्याची अशी उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो माणूस. रंगो बापूजी गुप्ते, रोहिडखोऱ्यातल्या दादाजी नरस प्रभू देशपांड्यांच्या घराण्यातला.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी सप्टेंबर 1839 मध्ये गादीवरून काढलं. आरोप असे की ते गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधत होते, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार करत होते, आणि कंपनीच्या शिपायांना फितवत होते. त्यांच्या जागी धाकटे भाऊ शहाजी, म्हणजे साताऱ्याचे आप्पासाहेब, बसवले. प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली. दाद मागायची तर वरच्या दारात, म्हणजे लंडनला. तिथे रंगो बापूजी गेले, आणि थोडेथोडके नाही, 1853 पर्यंत राहिले.

हा वकील ज्या दरबारात उभा होता तिथे राजा नव्हता. होती एक कंपनी, तिचे डायरेक्टर, आणि तिचे भागधारक! मला यात त्यांची खरी हुशारी दिसते. नजराणे आणि मुजरे इथे चालत नाहीत हे त्यांनी ओळखलं. भागधारकांच्या सभेत कोणीही भागधारक प्रश्न उभा करू शकत होता, मग ते भागधारकच शोधायचे. पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूम, गुलामगिरीविरोधी चळवळीत गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्पसन, अशी माणसं त्यांच्या बाजूने बोलली. साताऱ्यातच पूर्वी रेसिडेंट असलेले जनरल ब्रिग्ज आणि जनरल लॉडविक हे दोघंही राजाच्या बाजूने उभे राहिले. ज्या खुर्चीतून हा खटला उभा राहिला, त्याच खुर्चीवर आधी बसलेली माणसं आपल्या बाजूने साक्षीला आणणं ही लहान गोष्ट नाही. त्याशिवाय इंग्रजीत पुस्तिका छापून वाटल्या. वर्तमानपत्र, सभा, पत्रकं, खासदार: आजच्या दिल्लीत जे चालतं ते सगळं या माणसाने तेव्हाच्या लंडनमध्ये करून पाहिलं.

पण सभा भरायच्या, भाषणं व्हायची, मतं मोजली जायची आणि ठराव पडायचा. पुन्हा पुढची सभा. मधल्या काळात घरभाडं, कोळसा, छपाईची बिलं, आणि काशीहून येणाऱ्या पैशांची वाट. कैदेतल्या राजाला कंपनीकडून मिळणाऱ्या नेमणुकीतून, म्हणजे तनख्यातून, लंडनची वकिली चालवायची, म्हणजे कंपनीच्याच पैशाने कंपनीशी भांडायचं. त्यात विनोद आहे, पण थंडीत कर्ज काढून राहणाऱ्याला तो सुचत नसावा.

ऑक्टोबर 1847 मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. ज्याच्यासाठी भांडायचं तो माणूसच गेला. एप्रिल 1848 मध्ये आप्पासाहेबही गेले, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. आता वकील शिल्लक आणि राज्य नाही. सही करायला धनी नाही, शिक्का उमटवायला दौलत नाही. असा माणूस बोजा आवरून पहिल्या बोटीने परत आला असता तर कोणी बोल लावला नसता. रंगो बापूजी आणखी पाच वर्षं राहिले, अर्ज करत राहिले.

याला काही लोक हट्ट म्हणतात. मला वाटतं, इतकी वर्षं एकच काम केल्यावर ते काम हाच माणसाचा पत्ता होतो. माझी कंपनी बंद झाल्यावरही मी दोन महिने सकाळी त्याच इमारतीच्या गेटवर चहा प्यायला जात होतो, म्हणून म्हणतो.

परत आल्यावर जे झालं त्याचा तुमच्या 'निवृत्ती'शी थेट संबंध आहे. 1857 मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला आणि त्यात रंगो बापूजींचं नाव होतं. चौदा वर्षं अर्जविनंत्या करून पाहिलेला माणूस या वाटेला लागला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. ते निसटले. इंग्रजांनी पुष्कळ शोधलं, पण ते हाती लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम सापडला. 8 सप्टेंबर 1857 ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत सीताराम होता.

साताऱ्याला गेलात तर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंती म्हणून जागा आहे. दसऱ्याची मिरवणूक वाड्यातल्या स्त्रियांना बघता यावी म्हणून प्रतापसिंहांनी ती बांधून घेतली होती. तिथेच आता 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि त्यावर रंगो बापूजींचं नाव आहे. संध्याकाळी तिथे कॉलेजची पोरं फोटो काढत बसलेली असतात, आणि खाली सगळं गाव दिसतं.