पेंटियमचा भागाकार आणि आग लावणारी सूचना

इंटेलच्या पेंटियम या प्रोसेसरवरचा (संगणकाच्या मुख्य चिपवरचा) विनोद आणि 'थांब आणि पेट घे' ही प्रोसेसरची सूचना, म्हणजे चिपला दिलेला आदेश, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. विनोद असा: 'पेंटियमचं नाव ५८६ का ठेवलं नाही? कारण ४८६ मध्ये १०० मिळवल्यावर उत्तर ५८५.९९९९८३६०५ आलं.' (४८६ ही इंटेलची त्याआधीची चिप.) इंजिनिअर यावर अजून का हसतात, हे कळायला १९९४ मध्ये काय झालं ते पाहावं लागतं.

व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर (११ आणि १३ सारख्या, दोनच्या फरकाच्या मूळ संख्यांवर) काम करत होते. पेंटियमवर काढलेली उत्तरं जुळेनात. शोधता शोधता दोष सापडला भागाकारात. पेंटियम भागाकाराचा पुढचा अंक चिपमध्येच कोरलेल्या एका तक्त्यावरून ठरवायचा. तक्त्यातल्या १०६६ नोंदींपैकी ५ भरायच्याच राहिल्या होत्या, तिथे शून्य वाचलं जायचं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर यायला हवं १.३३३८२०४४९, पेंटियम सांगायचा १.३३३७३९०६८. चूक क्वचितच होते, असं इंटेल आधी म्हणत राहिली. डिसेंबरात मात्र मागेल त्याला चिप बदलून द्यायचं ठरलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. मला तरी ग्राहकांचा राग रास्त वाटतो. आकडेमोड करणाऱ्या यंत्राच्या उत्तरावर विसंबता आलं नाही, तर मग उरलं काय?

बेरीज मात्र पेंटियम बरोबरच करायचा, त्यामुळे विनोदातलं गणित काही त्या चिपचं नव्हे. नावाचं खरं कारण कोर्टातलं आहे. १९९१ मध्ये '३८६' या जुन्या चिपच्या नावावर इंटेलचा ट्रेडमार्कचा हक्क अमेरिकन न्यायालयाने मानला नाही, म्हणून पुढच्या चिपला आकड्याऐवजी नाव मिळालं.

'थांब आणि पेट घे' ही सूचना खरी आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. आग कुठेच लागत नाही, पण तसं वागणारी सूचना मोटोरोला ६८०० या जुन्या प्रोसेसरमध्ये होती, माहितीपुस्तिकेत न छापलेली. ती दिली की प्रोसेसर बाकी सगळं सोडून मेमरीचे पत्ते ओळीने वाचत सुटतो आणि रीसेट केल्याशिवाय थांबत नाही. प्रोग्राम चुकून तिथे पोचला तर मशीन अडकलंच. पण तेव्हा ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला, तर पत्त्याच्या प्रत्येक तारेवर स्वच्छ चौकोनी लहरी दिसतात आणि कुठली तार तुटली आहे ते लगेच कळतं. बोर्ड तपासायला ही फार उपयोगी सोय आहे.

पॉवरपीसी या प्रोसेसरांमधली 'ईआयईआयओ' सूचनाही तशीच कामाची. नाव इंग्रजी बालगीताच्या पालुपदासारखं असलं, तरी बाहेरच्या उपकरणांशी होणारी देवाणघेवाण लिहिलेल्या क्रमानेच व्हावी, हे ती बघते. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) लिहिताना ती गाळली, तर उपकरणाला 'सुरू हो' आधी आणि डेटा नंतर मिळू शकतो.