पथ्याची वही

मी कॅन्सरच्या रुग्णांची समुपदेशक. कॅन्सर परत आल्याचं कळलं की माझ्यासमोर बसलेली बहुतेक माणसं एकच विचारतात, माझं कुठे चुकलं? इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी तर चूक वहीत शोधूनच आणली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकू एकसष्ट वर्षांच्या. सात वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग पाच वर्षं रोज एक गोळी, सगळं निभावलं. आता पाठ दुखते म्हणून तपासलं, तर मणक्यात निघाला.

दोनशे पानी वही, तारीखवार. साखर बंद, मैदा बंद, हळदीचं पाणी, अर्धा तास चालणं. एका पानावर लाल पेनाचा गोल होता : भाच्याच्या लग्नात सगळे रात्री सराफ्यात, इंदूरच्या खाऊच्या बाजारात, गेले, तेव्हा खाल्लेली अर्धी जिलेबी. काकूंनी त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, इथे घोळ झाला."

"छे हो, तसं काही नसतं," असं मी लगेच म्हटलं नाही. तेवढ्यानं माणूस गप्प होतो, पण मनातली टोचणी जात नाही. मी म्हटलं, काकू, वही वाचून दाखवा. सहावं-सातवं पान आलं आणि त्या रडायला लागल्या. घरी रडायची सोय नव्हती. मुलगा म्हणायचा, "आई, पहिल्यांदा जिंकलीस ना, आताही जिंकशील." काका फोनवर बोलायला गच्चीत जायचे. जिंकण्याची ही भाषा मी आता वापरत नाही. दुखणं परतलं की तीच भाषा आजारी माणसाला हरलेलं ठरवते.

मग जिलेबीकडे वळलो. पहिल्या उपचारानंतर काही पेशी शरीरात दडून राहू शकतात, इतक्या थोड्या की स्कॅनमध्ये दिसत नाहीत. हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात त्या दहा-पंधरा वर्षांनीही जाग्या होऊ शकतात. जिलेबीनं त्या जाग्या होत नाहीत, आणि जिलेबी टाळून निजूनही राहत नाहीत. "मग हा हाडाचा नवा कॅन्सर का?" नाही. पेशी स्तनाच्याच, म्हणून औषधंही त्याच कॅन्सरची. पण त्यांचा स्वभाव बदललेला असू शकतो, म्हणून डॉक्टर पुन्हा बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, सांगतात.

वहीच्या शेवटच्या पानावर काकूंनी डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिले. हा पूर्ण जाईल का आटोक्यात राहील? दुखण्याला काय द्याल? मुलाला सोबत न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बहुधा पूर्ण जाणार नाही, पण औषधांनी आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू, आणि पुष्कळांना त्यात बरीच वर्षं मिळतात. मुलगा तिथेच रडला. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. वेदनेच्या डॉक्टरकडे जायला मात्र त्या घाबरत होत्या, तो शेवटचा डॉक्टर असतो असं कुणीतरी सांगितलेलं. उपचार चालू असतानाच त्यांच्याकडे जायचं असतं, हे पटवायला दोन भेटी गेल्या.

परवा वही पुन्हा पाहिली. "दुखणं 10 पैकी 4. झोप पाच तास. सकाळी पोहे, वर जिरावन मसाला." स्कॅनच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, तेही लिहिलंय. खाली काकांच्या अक्षरात एक ओळ होती : दोघंही जागे होतो, तीनला चहा केला.