ट्रॉमा रिसर्च सुरू करतोयस? आधी एवढं बघ

अरे डॉक्टर, पहिल्याच फटक्यात आयसीयूची मोठी ट्रायल नको, मुंबई-गोवा हायवेचे अपघात किंवा आंब्या-माडावरून पडलेले पेशंट, यातला एकच प्रश्न धर.

- एथिक्स कमिटीची परवानगी डेटा गोळा करण्याआधी.
- इजा कधी झाली ती वेळ विचारून लिही, केसपेपरवर बहुतेकदा नुसती दाखल झाल्याची असते. क्रॅश-२ या जखमी पेशंटांवरच्या मोठ्या ट्रायलमध्ये (२०१०) २०,२११ पेशंट होते, आणि ट्रानेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले ते पहिल्या ३ तासांत औषध मिळालेल्यांतच, मग वेळच नसेल तर काय कप्पाळ कळणार?

नवीन पोरं हमखास करतात ती चूक म्हणजे कोल्हापूर-मुंबईला रेफर केलेले यादीतून गाळतात, आणि आपला मृत्युदर उगाच छान दिसतो. नातेवाइकांचा नंबर घेऊन ठेव, म्हणजे रेफर केलेल्यांचं पुढे काय झालं ते विचारता येईल. स्टॅटिस्टिक्सचं नंतर बघू.