बाबा मुद्दाम रेघेवर पाय देतो

"मॅडम, मी तिला जिंकू देतो, तेच चुकलं का?" खुर्चीत टेकायच्या आधीच बाबांनी विचारलं. सोबत सहा वर्षांची लेक. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

घरी बाबाबरोबर ठिकरी, लंगडी, पकडापकडी सगळं मजेत. खाली मुलांत गेली की पहिल्यांदा आउट होताच "मी नव्हतेच आउट!", रडारड आणि तरातरा घरी. मुलं 'रडकी' म्हणायला लागली, तशी ती खाली जाईनाशी झाली. आजीचं म्हणणं, चांगलं हरवा तिला, आपोआप सवय होईल.

मी पॅसेजमध्ये खडूने आठ घरं आखली. बाबांनी ठिकरी टाकली, लंगडी घालत निघाले आणि चौथ्या घरात अगदी ठरवून रेघेवर पाय दिला. "अरेरे, गेलो!" लेक हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मला कळलं का ते. मग तिचा डाव. जाताना नीट गेली, परतताना वाकून ठिकरी उचलायला गेली तेव्हा हात जमिनीला टेकला. झटकन तो फ्रॉकला पुसून तिने बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते.

नंतर दोघीच असताना म्हणाली, "बाबा मुद्दाम रेघेवर पाय देतो. त्याला वाटतं, मला येत नाही."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आणि आउट झाल्यावर बाजूला उभं राहून पुढच्या डावाची वाट बघायची, हा खेळाचा अर्धा भाग तिने घरी कधी केलाच नव्हता.

खरं तर ठिकरी सोपी नाही. एका पायावर उड्या मारणं साधारण पाचव्या वर्षी जमायला लागतं. इथे त्याशिवाय नेम धरायचा, ठिकरीचं घर ओलांडायचं, रेघा टाळायच्या आणि एका पायावर वाकायचं. डोकं खाली गेलं की तोल जातोच. सहा वर्षांच्या मुलीचा हात टेकला यात नवल काहीच नाही.

आजीचा उपायही मला पटला नाही. ज्याची एक उडी तिच्या दोन उड्यांएवढी, त्याने तिला हरवून सवय कसली लावायची?

यावरचा तोडगा मुलांकडे आधीपासून आहे, लिंबूटिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण आउट धरायचं नाही. फक्त ते सगळ्यांसमोर जाहीर असतं, त्या लहानग्यालाही माहीत असतं. बाबा वर्षभर हिला लिंबूटिंबूच खेळवत होते, तिला न सांगता.

पूर्ण लिंबूटिंबू तिला अपमानच वाटला असता. म्हणून खेळाआधी मोठ्याने ठरवायचं: बाबा डाव्या पायावर, ठिकरी डाव्या हाताने, तीही दोन पावलं मागून. ठिकरी उचलताना तिला दोन्ही पाय टेकायची मुभा. एकदा ठरलं की मात्र रेघ म्हणजे रेघ, दोघांनाही. ती आउट झाली तर समजूत घालायची नाही, आपला डाव खेळायचा. हे शेवटचं ऐकून बाबांचा चेहरा पडला.

पहिल्या आठवड्यात तिने दोनदा ठिकरी भिरकावली, एकदा सगळी घरं पायाने पुसून टाकली. बाबांचा घाबरून फोन. म्हटलं, उद्या पुन्हा आखा. आज रागावू द्या.

महिन्याने आले तेव्हा ती खाली जात होती. रोज नाही, आणि भांडणंही होतीच. डावी पोटरी चोळत बाबा सांगत होते, आता ते खरोखर हरतात. परवा खेळ सुरू व्हायच्या आधी तिने स्वतःहून जाहीर केलं, "मला आता दोन पाय नको. पण तू डाव्याच पायावर हं!"