आबा, आधी काकूंचं नाव लिहा

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला शेतकरी, वय ७१. नऊ एकर जमीन आहे. पाच एकर वडिलांकडून आलेली, चार एकर मी १९९१ साली कापसाच्या पैशातून घेतलेली. गावात पक्कं घर आहे, बँकेत थोडी ठेव आहे. मोठा मुलगा शेती करतो, धाकटा पुण्याला कंपनीत आहे, मुलगी शिरपूरकडे दिली आहे. मोठा म्हणतो, बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्या आणि जमीन माझ्या नावावर बक्षीसपत्रानं करून द्या, स्टॅम्प अगदी थोड्या रुपयांचा लागतो. मला मुलीलाही काही द्यायचं आहे. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा जळगावच्या दवाखान्यात खाली चटई टाकून तीच झोपली. पण तिला वाटा दिला तर भाऊ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बोलावणार नाहीत, अशी भीती वाटते. ती म्हणते, मला काही नको, माहेर तेवढं राहू द्या. मृत्युपत्र करावं का? घरात सांगावं की गुपचूप करावं?

आबा, मृत्युपत्र जरूर करा. आणि गुपचूप करू नका.

तुम्ही पत्रासोबत सातबाऱ्याची झेरॉक्स पाठवली आहे. तिच्यावर गटांसमोर लाल पेनानं मुलांची नावं लिहिलीत, खोडलीत, पुन्हा लिहिलीत. तुमची घालमेल त्या कागदावर स्पष्ट दिसते. पण काकूंचं, म्हणजे तुमच्या पत्नीचं, नाव कुठंच नाही. घरासमोर धाकट्याचं नाव आहे, ठेवीपुढे मोठ्याचं. तुमच्यामागे काकूंनी कोणाच्या दारात राहायचं, हे तुम्ही ठरवलेलंच नाही. म्हणून पहिली ओळ त्यांची लिहा. राहतं घर काकूंना पूर्ण मालकीनं द्या. ‘तहहयात राहण्याचा हक्क’ एवढंच लिहिलं तर त्यांना घर विकता येत नाही, आणि आजारपणात पैसा उभा करायची वेळ आली तर हात बांधलेले राहतात. ठेवही त्यांनाच द्या. ठेवीवर नॉमिनी मोठा मुलगा आहे, म्हणून पैसे त्याचेच होतील असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसतं. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी मात्र वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याची. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. तरी नॉमिनी बदलून काकूंचं नाव लावा, म्हणजे त्यांना बँकेत खेटे घालावे लागणार नाहीत.

आता जमीन. चार एकर तुमची स्वकष्टार्जित असेल, तर ती कोणाला द्यायची हा सर्वस्वी तुमचा अधिकार. पाच एकरांचं तसं नाही. ती जमीन खरोखर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर मुलीचा तिच्यात मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २००५ सालच्या दुरुस्तीनं तो दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी तो आणखी पक्का केला. अशा जमिनीत तुम्ही मृत्युपत्र करू शकता ते फक्त तुमच्या हिश्शाचं. मुलांचा आणि मुलीचा हिस्सा तुमच्या सहीनं कमी-जास्त होत नाही. मात्र ती जमीन तुमच्या वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि त्यांच्या पश्चात वारसानं तुमच्याकडे आली असेल, तर गोष्ट वेगळी होते. तलाठ्याकडून जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर कशी आली याच्या नोंदी, काढा आणि दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. ‘बापाकडून आलेली’ एवढ्यावर निकाल लागत नाही.

मुलगी म्हणते, मला काही नको. आबा, भावांच्या आणि वहिनीच्या देखत ती दुसरं काय म्हणणार? तिच्या मनात माहेर तुटण्याची भीती आहे, आणि तीच भीती तुमच्याही मनात आहे. पण हक्क सोडला तरच आखाजीला झोका बांधू, असा व्यवहार कोणी तिच्याशी करत असेल तर तो अन्याय आहे, मग तो सख्ख्या भावानं का केलेला असेना. सणाला आलेल्या लेकीपुढे कागद ठेवायचा नाही, एवढं तुम्ही घरात निक्षून सांगा. तिच्याशी एकटीशी बोला. तिनं खरंच मनानं सोडायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय. जमीन कसणं तिला जमणार नसेल, तर तिच्या हिश्शाची रक्कम भावांनी केळीच्या दर कटाईला थोडीथोडी द्यावी आणि तसा लेखी, नोंदणीकृत करार करावा. शेत एकत्र राहतं आणि तिचा हक्कही बुडत नाही.

मोठ्या मुलाचंही ऐकून घ्या. केळीची कांदेबाग लावायची वेळ आली की कर्ज त्याच्या नावावर निघतं, वादळात बाग आडवी झाली की तोच हबकतो. तुमची औषधं, लाईटबिल, पाहुणेरावळे त्याच्याच घरात. धाकट्याच्या पगाराला गारपिटीची भीती नाही. म्हणून स्वकष्टाच्या चार एकरांत विहिरीचा मोठा तुकडा मोठ्याला दिला, तर मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त ‘त्यानं एवढी वर्षं शेती सांभाळली म्हणून’ हे कारण मृत्युपत्रातच लिहा. धाकट्याला कारण वाचायला मिळालं तर त्याच्या मनात संशय घर करणार नाही.

बक्षीसपत्र मात्र आत्ता करू नका. शुल्क कमी लागतं हे खरं, पण एकदा करून दिलं की जमीन तुमची राहत नाही. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, शेवटचं असेल तेच चालतं. कधी बक्षीसपत्र करायचंच झालं, तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देतो, असं त्यात लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि वाटणीत नसलेले बघा. कोर्टात वाद गेलाच तर त्यांच्यापैकी एकाला उभं राहावं लागतं. प्रत्येक पानावर सही हवी, गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे हवं, चतुःसीमाही लिहा. त्याच दिवशी डॉक्टरकडून शुद्धीत असल्याचा दाखला घ्या. नोंदणीची सक्ती नाही, तरी चोपड्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून टाका. आणि तिथं मोठ्या मुलाच्या गाडीवर बसून जाऊ नका. ज्याला जास्त मिळतं त्यानंच पुढाकार घेतला की कोर्ट त्या कागदाकडे संशयानं बघतं. गावातल्या एखाद्या भरवशाच्या माणसासोबत जा.

हे सगळं करण्याआधी तिघांना एकत्र बसवा, धाकट्यालाही पुण्याहून बोलावून घ्या. काकूंना शेजारी बसवा आणि काय लिहिणार आहात ते स्वतः वाचून दाखवा. मोठा रागावेल, दोन दिवस बोलणारही नाही. रागावू द्या. तो आज तुमच्यावर रागावला तर तुम्ही त्याला समजावू शकता. तुमच्यामागे त्याचा राग बहिणीवर निघेल, आणि तेव्हा समजवायला तुम्ही नसाल.